जावयाचा कापलेला पगार

जावयाच्या पगारातून सासूबाईंनी एका पँटीची किंमत कापून घेतली, तेव्हा आपण दुकानाची शिस्त सांभाळत आहोत एवढेच त्यांच्या मनात होते. त्याच कात्रीने आपण जावयाचा व्हिसाही कापला आहे, हे त्यांना महिनाभराने कळले.

सासूबाईंचे कपडे दुरुस्तीचे दुकान होते. तिथे नवे काही शिवले जात नसे. लोकांनी हौसेने विकत घेतलेले आणि मग अंगाला न बसलेले, किंवा लग्नात बसलेले आणि नंतर न बसणारे कपडे तिथे माणसांच्या मापात आणले जात. पुढे काउंटर, मागे दोन शिलाई मशिनी, एक वाफेची इस्त्री, आणि पडद्याआड आरशासमोर एक बुटके लाकडी स्टूल. त्या स्टुलावर उभा राहिलेला माणूस न सांगता पोट आत घेत असे. म्हणून सासूबाई आधी त्याला हवापाण्याविषयी काहीतरी विचारत आणि तो बोलायला लागला की टेप लावत.

नवऱ्याबरोबर त्या या देशात आल्या त्याला बरीच वर्षे झाली होती. नवरा गेला, दुकान राहिले. मुलगी इथेच वाढली आणि मोठी झाल्यावर शहराची बस चालवू लागली. मामेबहिणीच्या लग्नाला म्हणून ती मायदेशी गेली, तिथे पाणीपुरवठा खात्यात पाइपलाइनचे नकाशे काढणाऱ्या एका ड्राफ्ट्समनशी तिची ओळख झाली, आणि वर्षभरात मामेबहिणीपाठोपाठ तिचेही लग्न झाले. ड्राफ्ट्समन बायकोच्या आधारावर मिळालेला व्हिसा घेऊन सासुरवाडीच्या देशात राहायला आला. घरजावई हा शब्द कोणी उच्चारला नाही. भाड्याचे घर नवरा-बायकोचे स्वतःचे होते. सासूबाई फक्त वरच्या मजल्यावर राहत होत्या.

व्हिसाची मुदत संपत आली की वाढवून घ्यावी लागे, आणि त्यासाठी नवरा-बायकोची मिळून कमाई सरकारने ठरवलेल्या आकड्याच्या वर असावी लागे. तीही एकूण नव्हे, दर महिन्याला, अर्जाआधीचे सहा महिने सलग. एक महिना जरी आकड्याखाली गेला तरी अर्ज नामंजूर. मग नवऱ्याने परत जायचे, तिथून नव्याने अर्ज करायचा आणि फोनवर संसार करत वाट बघायची. एकमेकांवर जीव किती आहे, हे सरकार विचारत नसे. ते पगाराच्या स्लिपवरून काढता येते, असे त्याचे मत असावे.

जावयाचे नकाशे या देशात चालत नव्हते. त्यासाठी इथल्या परीक्षा द्याव्या लागत. तोवर तो एका पार्किंगच्या केबिनमध्ये बसून गाड्यांना पावत्या देत असे. पार्किंगवाल्यांनी पावत्या देणारे यंत्र बसवले, आणि व्हिसाला सात-आठ महिने उरलेले असताना जावई घरी बसला. बायकोच्या एकट्या पगारात आकडा गाठत नव्हता. शेवटी तिने आईकडे विषय काढला. आईने आढेवेढे घेतले नाहीत. तिला माणूस हवाच होता. एवढेच म्हणाली, "फुकटचा पगार मी माझ्या बापालाही दिला नसता. काम करायचं, पगार घ्यायचा. आणि दुकानात मी मालकीण. जावई घरी गेल्यावर."

ही वाटणी त्यांनी काटेकोर पाळली. घरी त्या "जावईबापू, तुम्ही बसा हो, मी आणते चहा," असे म्हणत, आणि दुकानात "तू बसलास कशाला?" असे विचारत. जावयालाही घरी 'आई' आणि दुकानात 'मॅडम' म्हणायची सवय करावी लागली. पहिल्या आठवड्यात एकदा काउंटरवरून तो चुकून "आई" म्हणाला, तर सासूबाईंनी मान वर केली नाही. गिऱ्हाईक मात्र इकडेतिकडे बघू लागले.

काम तो मन लावून शिकला. नकाशावाल्याचा हात असल्यामुळे त्याची शिलाई पट्टीने आखल्यासारखी सरळ येई. अडचण दुसरीकडे होती. गिऱ्हाईक म्हणे, कमरेत थोडी सैल करा. हा विचारी, थोडी म्हणजे किती? गिऱ्हाईकाला ते ठाऊक नसे. मग हा टाचण्या लावून तीन पर्याय दाखवी आणि गिऱ्हाईकाकडून निर्णय मागे. नुसती पँट सैल करायला आलेली माणसे घाम पुसत बाहेर पडत. सासूबाई लांबून बघत आणि ओठ मिटून घेत, कारण तक्रार कोणाची येत नव्हती.

पाचव्या महिन्यात तक्रार आली. अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारे एक गृहस्थ सासूबाईंचे जुने गिऱ्हाईक होते. धंदाच असा की कपडे नेहमी काळे आणि भारी लागत. ते दोन सारख्याच काळ्या लोकरी पँटी ठेवून गेले. एक बरोबर मापाची, नमुन्यासाठी. दुसरी नवी, तिच्याएवढी आखूड करायची. जावयाने नमुना मोजला, नवी मोजली, फरक काढला, खडूने खूण केली, आणि फोन वाजला म्हणून उठला. परत आल्यावर त्याने अत्यंत सफाईने तो फरक नमुन्यातून कापून टाकला.

आता एक पँट लांब होती आणि दुसरी घोट्याच्या वर. बरोबर लांबी कोणती, हे सांगणारे कापड दुकानात उरले नव्हते. गृहस्थ संध्याकाळी आले, आखूड पँट घालून स्टुलावर उभे राहिले आणि आरशात बराच वेळ बघत राहिले. जावयाने त्यांना धीर देण्यासाठी सांगितले, की दोन्हींची सरासरी काढली तर ती बरोबर येते.

सासूबाईंनी गृहस्थांना पँटीची पूर्ण किंमत दिली आणि महिनाअखेरीस ती जावयाच्या पगारातून कापली. यात आकस नव्हता. दुकानाचा नियमच तसा होता. स्वतःच्या हातून काही बिघडले तर त्या स्वतःलाही सोडत नसत. कमाईची अट त्यांना माहीत होती, पण सहा महिन्यांचे एकूण बघतात अशी त्यांची समजूत होती. जावयाला नियम ठाऊक होता, पण घडलेला प्रकार बायकोला सांगायची लाज वाटली. कापूनही आपण आकड्याच्या जरासे वरच राहू, असा त्याने अंदाज केला. अंदाज हा त्याचा प्रांत नव्हता.

सहा महिने भरले, बायकोने स्लिपा जमवून टेबलावर ओळीने मांडल्या आणि पाचव्या स्लिपपाशी थांबली. मग त्याला हाक मारली. त्याने सगळे सांगितले. ती चिडेल असे त्याला वाटले होते. ती चिडली नाही. उठून तिने खिडकी लावली, पुन्हा उघडली आणि म्हणाली, "अरे, मला सांगितलं असतंस तर मी एक रविवार जास्त बस चालवली असती." एका रविवारचे काम होते, आणि आता ते कोणत्याच रविवारी होण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिघेही व्हिसाच्या सल्लागाराकडे गेले. सल्लागार हसतमुख होता आणि दर प्रश्नाला आधी "उत्तम प्रश्न" म्हणत असे. सासूबाईंनी पर्समधून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि कापलेले सगळे आत्ताच्या आत्ता परत देते म्हणून सांगितले. सल्लागार म्हणाला, उत्तम, पण आज दिलेले पैसे आजच्या महिन्यात धरणार. मग पाचव्या महिन्याची स्लिप नवी करून देते, असे सासूबाई म्हणाल्या. तो गुन्हा आहे, असे सल्लागाराने तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने सांगितले. व्हिसाला महिनाही उरला नव्हता, त्यामुळे नव्याने सहा महिने मोजायचीही सोय नव्हती.

एकच वाट होती. बिघडलेल्या कामाचे पैसे पगारातून परस्पर कापणे या देशात बेकायदा होते. कामगार कार्यालयाने तसा निकाल दिला, तर ती रक्कम त्याच महिन्याचा पगार म्हणून धरली जाणार होती. मात्र त्यासाठी आधी कोणीतरी तक्रार करायला हवी होती.

"म्हणजे मी आईंवर केस करायची?" जावयाने विचारले.

"आईंवर नाही," सल्लागार म्हणाला. "मालकावर."

सासूबाईंनी पैसे पर्समध्ये परत ठेवले आणि केस कर म्हणाल्या. जावयाने त्या रात्री जेवताना तक्रार लिहिली. मालकिणीच्या वागण्याचे वर्णन करायचे होते, तिथे त्याची गाडी अडली. तेव्हा ताटात वाढता वाढता सासूबाईंनीच दोन शब्द सुचवले. त्यातला 'मनमानी' हा त्याने घेतला.

ठरले असे, की सुनावणीत सासूबाईंनी हरायचे. वाद घालायचा नाही, विचारतील त्याला हो म्हणायचे आणि चूक झाली म्हणून मोकळे व्हायचे. हे वाटले तितके सोपे नव्हते. 'चूक झाली' हे शब्द सासूबाईंच्या तोंडात फारसे वापरलेले नव्हते. मुलीने त्यांच्याकडून ते दोन-तीनदा म्हणवून घेतले. दर वेळी त्या "चूक झाली" म्हणत आणि नजरेने जावयाकडे बोट दाखवत.

कामगार कार्यालयातली खोली लहान होती. एक टेबल, पाण्याचा जग, आणि रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. सुनावणी घेणाऱ्या बाई वयाने सासूबाईंएवढ्याच होत्या. सुरुवात छान झाली. पगार कापला का? हो. विचारून कापला का? नाही. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून श्वास मोजत होती. मग बाईंनी सहज, कागदावर काहीतरी लिहिता लिहिता, म्हटले की लहान दुकानांत हे नेहमीचेच असते. गरीब कामगाराला नाडायचे आणि वर त्याला शिस्त म्हणायचे.

सासूबाईंनी पिशवीत हात घातला. मुलगी "आई" असे हळूच म्हणाली, पण उशीर झाला होता. पिशवीतून ती काळी पँट निघाली आणि टेबलावर पसरली गेली. असू द्यावी म्हणून आणली होती, असे त्यांनी नंतर सांगितले.

"बाई, तुम्ही शहाण्या आहात," सासूबाई म्हणाल्या. "हे कापड हातात घेऊन बघा, आणि मग सांगा कोण कोणाला नाडतंय."

बाईंनी कापड बोटांत धरून पाहिले. मग पायाची लांबी पाहिली. मग जावयाकडे पाहून हे कसे झाले म्हणून विचारले. जावयाने खरे ते सांगितले, सरासरीसकट. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. कायदा काय म्हणतो तो म्हणेल, पण माणूस म्हणून आपली सहानुभूती मालकिणीकडे आहे, असे त्या म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा उजळला. हरायला आलेली बाई जिंकायला लागली होती, आणि तिला ते आवडत होते.

इथपर्यंत जावई मान खाली घालून होता. पण सहा महिने पट्टीने आखल्यासारखे काम करून एका पँटीवरून आपली किंमत होते आहे, आणि तीही परक्या बाईसमोर, हे त्याला सहन होईना. तक्रारीत जे लिहायला त्याला सुचले नव्हते ते आता आपोआप बाहेर आले. नमुन्याच्या कपड्यांना वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावू या, असे आपण पहिल्या महिन्यापासून सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, उगाच खर्च. आपल्या मशिनीवरची ट्यूब लुकलुकते आणि तिच्या खाली दोन काळी कापडे ठेवली तर कावळ्यालाही ओळखू येणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, मी वीस वर्षं त्याच उजेडात शिवलंय.

"शिवलंयच," सासूबाई म्हणाल्या. "आणि एकदाही नमुना कापला नाही."

"तुम्ही कापला असता तर तुम्हाला कोण बोललं असतं?"

"मीच बोलले असते. आणि पैसेही कापले असते. असा कामगार मी वीस वर्षांत पाहिला नाही. शिलाई देवानं दिल्यासारखी, आणि डोकं नकाशात. आणि हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये."

बाई भराभर लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी दोघांनाही हाताने थांबवले आणि निकाल सांगितला. सहानुभूती कुठेही असली तरी कामगाराच्या लेखी संमतीवाचून पगार कापता येत नाही. रक्कम त्या महिन्याचा पगार म्हणून द्यावी, आणि ट्यूब बदलावी.

हवे होते तेच झाले होते. तरीही सासूबाई कोणासाठी न थांबता जिना उतरून गेल्या. ठरवून हरायला गेलेल्या माणसाला खरेच हरल्याचे दुःख व्हावे, ही गोष्ट मुलीला समजावून घेता येत नव्हती आणि आईला समजावून देता येत नव्हती. पैसे त्यांनी त्याच दिवशी भरले. ट्यूब बदलली. पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. पण पुढचे काही दिवस त्या घरीही जावयाशी मालकिणीसारख्या बोलल्या, आणि चहा त्याचा त्याने करून घेतला. बायको दोन्ही मजल्यांवर निरोप पोचवायचे काम करी. बसच्या दोन फेऱ्या बऱ्या, असे ती म्हणे.

अर्ज मुदतीत गेला. तीन आठवड्यांनी तिघांनाही मुलाखतीचे बोलावणे आले. सल्लागाराने फोनवर कारण सांगितले, आणि या वेळी तो हसत नव्हता. नवऱ्याला नोकरी देणारी बाई बायकोचीच आई आहे, हे व्हिसावाल्यांच्या लक्षात आले होते. ही नोकरी नुसती आकडा दाखवण्यापुरती काढली असावी, असा त्यांचा संशय होता. आगीतून निघून फुफाट्यात, असे सासूबाई म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात प्रथमच जावयाने मान डोलावली.

व्हिसाच्या कचेरीतला अधिकारी तरुण होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. त्याने नवरा-बायकोला आत बसवले, सासूबाईंना बाहेर बाकावर. नोकरी खरी कशावरून, असे त्याने सरळ विचारले. जावयाने कामाचे तास सांगितले, मशिनींची नावे सांगितली. हे कोणीही पाठ करून सांगेल, असे अधिकारी म्हणाला. तेव्हा बायकोने, दुसरे काही सुचेना म्हणून, कामगार कार्यालयाचा निकाल पुढे केला. त्याला सुनावणीतले सगळे बोलणे जोडलेले होते.

अधिकाऱ्याने ते वाचायला घेतले. एका पानावर तो थांबला, मागे गेला आणि तेवढे पान पुन्हा वाचले. मग मधले दार जरा उघडून बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे बघून आला.

"नोकरी खरी आहे," तो म्हणाला. "खोटी नोकरी देणारा माणूस असं भांडत नाही. लग्नाबद्दल मी काही विचारतच नाही."

बायकोने नवऱ्याचा हात धरला. अधिकारी पुढे बँकेची पाने चाळत होता. त्याने विचारले, की तुमच्या खात्यावर दर महिन्याला बसच्या कंपनीकडून पगाराशिवाय आणखी एक लहान रक्कम येते, ती कसली? ती म्हणाली, पहाटेच्या फेऱ्यांचा भत्ता. तो वेगळा जमा होतो. सल्लागाराने तो बाजूला ठेवायला सांगितला होता, भत्ते धरत नाहीत म्हणून.

अधिकारी म्हणाला, पूर्वी धरत नसत. गेल्या वर्षापासून धरतात. त्याने बेरीज केली, कागद त्यांच्याकडे फिरवला आणि बोट ठेवले. भत्ता धरला तर बायकोची एकटीची कमाईच सहाही महिने आकड्याच्या वर जात होती. नवऱ्याने काही कमावले किंवा नाही, याच्याशी अर्जाला कर्तव्य नव्हते. नोकरी, तिचा पगार, तो कापणे आणि तो परत मिळवणे, यातले काहीच लागणार नव्हते. मुदतवाढ मंजूर केल्याचे त्याने सांगितले आणि पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितले.

बाहेर सासूबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मुलीने मंजूर झाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग तिने बाकीचे सांगितले. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले. एकदा मुलीकडे बघितले, एकदा जावयाकडे.

"त्या सल्लागाराच्या फीमधून कापून घ्या," त्या म्हणाल्या.

"त्याला त्याची लेखी संमती लागते, आई," जावई म्हणाला.

सासूबाई आधी हसल्या नाहीत. जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांना हसू आले, आणि मग कठड्याला धरून उभे राहावे लागले इतके आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकान उघडायला गेल्या, तर जावई कुलूप काढून आत होता. इस्त्री तापत होती. त्याच्या मशिनीवर एक कोट उलटा करून ठेवलेला होता. सासूबाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि काउंटरच्या अलीकडेच उभ्या राहिल्या.

"आता कशाला आलास?"

"या कोटाचं अस्तर दुपारी द्यायचंय."

"तुझ्या व्हिसाला आता या नोकरीची गरज नाही. म्हणजे मी तुला केव्हाही काढू शकते."

"हो," जावई म्हणाला. "आणि मी केव्हाही सोडून जाऊ शकतो."

हे एकदा स्पष्ट झाल्यावर दोघांनाही बरे वाटले. सासूबाईंनी अस्तराचे कापड काढून दिले. त्याने विचारले, खांद्यात किती सोडायचे? त्या म्हणाल्या, थोडे. त्याने तोंड उघडले, मग मिटले, आणि पहिल्यांदाच अंदाजाने खूण केली. सासूबाईंनी वाकून पाहिली, कात्री त्याच्यापुढे सरकवली, आणि दारावरची पाटी 'उघडे' या बाजूला फिरवली.